महागडा टॅब घ्यावा का? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून टॅबबद्दल विचारणा वाढली आहे. दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, दिवाळीच्या तोंडावर दुकानदार आणि व्यावसायिक विचारतात. मी जळगावात कम्प्युटर क्लास घेते, त्यामुळे हे प्रश्न रोजच्या बोलण्यात येतात. सगळ्यांचा रोख एकच: वरचे टॅब लाखाच्या घरात गेलेत, एवढे पैसे मोजावेत का?

माझं उत्तर आधीच सांगते. त्या टॅबच्या पेनावर किंवा पडद्यावर तुमची कमाई चालत असेल तर मोजा. नसेल तर पंचवीस ते चाळीस हजारांतला चांगला टॅब घ्या आणि उरलेले पैसे घरातच ठेवा. असं का म्हणते, ते खाली सविस्तर लिहिलं आहे. किमती कंपन्यांनी टॅब भारतात आणताना जाहीर केलेल्या आहेत. दुकानात आणि सेलमध्ये त्या खालीवर होतात.

टॅब खरंच महागले आहेत, की आपल्यालाच तसं वाटतं?

वरचे महागले, खालचे स्वस्त झाले. यातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

ॲपलचा आयपॅड भारतात जानेवारी २०११ मध्ये आला, तेव्हा सर्वांत साधा आयपॅड २७,९०० रुपयांना होता. प्रो हा आयपॅडचा सर्वांत वरचा प्रकार तेव्हा नव्हताच. २०१६ मध्ये ९.७ इंची प्रो ४९,९०० ला आला. २०१८ मध्ये ११ इंची प्रो ७१,९००, २०२२ मध्ये ८१,९०० आणि मे २०२४ मध्ये थेट ९९,९००. त्याचा १३ इंची मोठा भाऊ १,२९,९०० चा. सॅमसंगचंही तेच. २०२२ चा टॅब एस८ ५८,९९९ पासून होता, पुढच्याच वर्षीचा एस९ ७२,९९९ पासून, आणि एस९ अल्ट्रा लाखाच्या पुढे.

आता खाली बघा. साधा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,९०० ला आला होता. मे २०२४ मध्ये कंपनीने तोच ३४,९०० ला केला. मार्च २०२५ मध्ये नवी चिप आणि दुप्पट साठवण घेऊन पुढचा आयपॅड आला, तोही ३४,९०० लाच. वनप्लस आणि शाओमीने पंचवीस ते चाळीस हजारांत असे टॅब आणले की काही वर्षांपूर्वी तसा पडदा साठ-सत्तर हजारांतच मिळायचा.

वरच्या वाढीबाबत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ८१,९०० चा प्रो १२८ जीबीचा होता, ९९,९०० चा २५६ जीबीचा आहे. जुना २५६ जीबीचा ९१,९०० ला मिळायचा. म्हणजे सारख्याशी सारखं लावलं तर वाढ अठरा हजारांची नाही, आठ हजारांची. पण कमी साठवणीचा स्वस्त पर्यायच काढून टाकल्यामुळे आत शिरायचा उंबरठा अठरा हजारांनी वर गेला, आणि खिशाला बसतो तो उंबरठाच.

किंमत वाढते कशामुळे? कंपन्या लुटतात का?

नफा त्या भरपूर घेतात, यात शंका नाही. तरी वाढीचा मोठा भाग कुठून येतो ते कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं.

२०२१ चा ११ इंची प्रो अमेरिकेत ७९९ डॉलरला होता. तेव्हा डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. गुणाकार केला की सुमारे ६०,००० येतात, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ७०,७०० च्या आसपास. भारतातली किंमत होती ७१,९००. २०२२ मध्ये अमेरिकेत किंमत तीच राहिली, ७९९. पण डॉलर ८२ च्या पुढे गेला आणि आपल्याकडे टॅब दहा हजारांनी वाढला. तिकडच्या माणसाला एक पैसाही जास्त पडला नाही, जळगावच्या माणसाला दहा हजार पडले. २०२४ मध्ये अमेरिकेतली किंमत ९९९ झाली, डॉलर साडेत्र्याऐंशीच्या घरात; हिशेब केला की ९८,४०० येतात. किंमत ९९,९००. अमेरिकेतल्या किमतीत तिकडचा विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडे जीएसटी आतच असतो, म्हणून नुसतं डॉलरचं भाषांतर करून 'आपल्याला महाग विकतात' म्हणणं बरोबर नाही.

याच गणितातून पुढचंही दिसतं. ऑक्टोबर २०२५ चा प्रो ९९,९०० लाच आला, पण तोवर डॉलर ८८ वर होता, आणि डिसेंबरमध्ये त्याने नव्वदी ओलांडली. रुपया असाच राहिला तर पुढच्या खेपेला भाव वाढायला जागा आहे.

दुसरं कारण पडदा. २०२४ च्या प्रोमध्ये ओएलईडीचे, म्हणजे स्वतःच उजळणाऱ्या ठिपक्यांच्या पडद्याचे, दोन थर एकावर एक बसवलेले आहेत, म्हणून तो जास्त उजळतो आणि एकाच थरावर सगळा ताण येत नाही. असा पडदा बनवणं महागच पडतं.

तिसरं कारण नवं आहे आणि ते सगळ्याच कंपन्यांना लागू होतं: मेमरी. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी जास्त नफ्याची असल्याने त्यांनी कारखाने तिकडे वळवले, आणि २०२५ च्या शेवटी साध्या मेमरीचे भाव भडकले. मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याची झळ स्वस्त टॅबना जास्त बसते, कारण त्यांच्या एकूण खर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला, मग टॅब स्वस्त का झाले नाहीत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. टॅब, लॅपटॉप, मोबाइल आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, ते तिथेच राहिले.

लाखाच्या टॅबमध्ये असं काय असतं जे पस्तीस हजारांच्यात नसतं?

पडदा, पेन, चिप आणि जाडी. यातला पडदा आणि पेन यांचं मोल खरं आहे. जाडीचं नाही, १३ इंची प्रो ५.१ मिलिमीटरचा आहे हे कौतुकाचं असेल, पण कव्हर चढवलं की ते कौतुक संपतं.

पेनाबद्दल जरा खोलात जाते, कारण इथे लोक सर्वांत जास्त फसतात. साध्या आयपॅडच्या पडद्यात वरची काच आणि खालचा पडदा यांच्यामध्ये बारीक फट असते. पेन टेकवलं की रेघ टोकाखाली न उमटता किंचित खाली, आत उमटल्यासारखी वाटते. नोट्स काढताना हे जाणवत नाही, चित्र काढताना सतत जाणवतं. त्यात भर म्हणजे ॲपलचं ७,९०० रुपयांचं पेन, ज्याला कंपनी यूएसबी-सी पेन्सिल म्हणते, दाब ओळखतच नाही. हलकं टेकवा की जोरात, रेघ एकाच जाडीची. साध्या आयपॅडवर दाब ओळखणारी पेन्सिल हवी असेल तर पहिल्या पिढीचीच घ्यावी लागते. आताच्या प्रोवर आणि त्याच्या एक पायरी खालच्या आयपॅड एअरवर चालणारी पेन्सिल प्रो दाबही ओळखते, पण ती ११,९०० ची, आणि टॅबच्या किमतीत धरलेली नसते. सॅमसंगच्या एस मालिकेत पेन डब्यातच येतं आणि ते दाब ओळखतं. टॅब एस९ एफई ३६,९९९ ला आला तेव्हा त्यातही पेन होतं आणि पाण्या-धुळीपासून संरक्षणही. चित्रकला शिकणाऱ्या मुलासाठी मी आधी या वर्गातले टॅब बघायला सांगते.

चिपबद्दल थोडक्यात: प्रोमध्ये लॅपटॉपची चिप असते आणि नोट्स, व्हिडिओ, झूम, पीडीएफ यांसाठी तिचा दहावा हिस्साही लागत नाही. आणखी एक, २५६ आणि ५१२ जीबीच्या प्रोमध्ये चिप थोडी कापलेली असते. पूर्ण ताकदीची हवी तर १ टीबीचा, म्हणजे सुमारे हजार जीबीचा, घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत कुठल्या कुठे जाते.

मग कोणाला हे पैसे मोजणं परवडतं?

आमच्या जळगावातलंच उदाहरण देते. सराफ बाजारात दागिन्यांचं डिझाइन करणारी एक ताई आहे, माझ्याकडे शिकायला यायची. आता ती आयपॅड प्रोवर काम करते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, ती प्रोक्रिएट हे चित्र काढायचं ॲप उघडते, हाराचा अर्धा भाग काढते आणि दुसरा अर्धा आपोआप आरशासारखा उमटतो. गिऱ्हाईक म्हणतं, पदक जरा मोठं करा, मधे माणिक टाका, कडेला मोती नकोत. ती त्याच बैठकीत बदल करून दाखवते. पदकाच्या कडेची नक्षी काढताना ती पडदा इतका मोठा करते की एकेक दाणा वाटाण्याएवढा दिसतो, आणि दाब कमी-जास्त करून रेघ केसासारखी बारीक करते, मग पुन्हा भरते. पूर्वी कागदावर काढलेलं डिझाइन दोन-तीनदा खोडून नव्याने काढावं लागायचं आणि गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावं लागायचं. आता ऑर्डर त्याच दिवशी पक्की होते. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं आणि एकदाच विकत घ्यावं लागतं, दर महिन्याचं भाडं नाही. तिच्या हातात तो टॅब म्हणजे अवजार आहे, आणि अवजार चांगलंच घ्यावं.

लग्नाचे फोटो निवडून रंग सुधारणारे फोटोग्राफर, साइटवर नकाशावर खुणा करणारे आर्किटेक्ट, ॲनिमेशन करणारी पोरं, यांनाही हेच लागू. यांतल्या बऱ्याच जणांचं काम आयपॅड एअरवरही भागतं. ११ इंची एअर मार्च २०२५ मध्ये ५९,९०० ला आला. त्यावर तीच पेन्सिल प्रो चालते आणि काच-पडद्यात फट नाही. प्रोचा पडदा १२० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करतो, एअरचा ६०. हातात पेन धरून दिवसाचे पाच-सहा तास बसणाऱ्याला तो फरक कळतो. बाकीच्यांनी एअरवरच थांबावं.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. क्लासवाले म्हणतात टॅब हवाच. प्रो घेऊ का?

नाही. अजिबात नाही.

जेईई-नीटच्या पोराला टॅबवर काय लागतं ते मांडून बघा. लेक्चरचे व्हिडिओ, पीडीएफमधल्या प्रश्नपत्रिका, त्यावर पेनाने सोडवणं, शंका विचारायला कॅमेरा. १०-११ इंची पडदा, ८ जीबीच्या आसपास रॅम आणि बरं पेन असलं की झालं. पडदा १० इंचांपेक्षा लहान घेऊ नका. ए४ पान त्यात नीट मावत नाही आणि पोरं डोळे ताणून वाचतात. दहा-बारा हजारांचे टॅबही टाळा. सहा महिन्यांत ते अडखळायला लागतात आणि मग मूल मोबाइलकडे वळतं.

चोपडा, यावल, शहादा इकडच्या पालकांचे फोन येतात. केळी किंवा कापसाचे पैसे नुकतेच आलेले असतात आणि पोरगं वर्गातल्या कोणाचा तरी प्रो बघून आलेलं असतं. भाऊ, पोराचा हट्ट मी समजू शकते. पण पस्तीस हजारांचा टॅब आणि लाखाचा टॅब यांत रसायनशास्त्राचं तेच लेक्चर तसंच दिसतं. उरलेल्या पैशांत त्याची वर्षभराची टेस्ट सिरीज, पुस्तकं आणि कोटा-लातूरला जायची वेळ आली तर काही महिन्यांची मेस भागते.

घेण्याआधी क्लासचं ॲप कोणत्या टॅबवर चालतं तेही विचारा. काही क्लासची ॲप अँड्रॉइडवर जितकी नीट चालतात तितकी आयपॅडवर चालत नाहीत.

सरकारकडून टॅब मिळतो म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, सगळ्यांना नाही. जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी महाज्योती संस्थेची योजना आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रिमीलेअर विद्यार्थ्यांना तिच्यात मोफत टॅब आणि इंटरनेट डेटा दिला जातो. अर्जाच्या तारखा आणि अटी दरवर्षी जाहीर होतात. दहावीचा निकाल लागला की महाज्योतीच्या संकेतस्थळावर लगेच बघा. पात्र असाल तर आधी तिकडे अर्ज करा, दुकानात नंतर जा.

लॅपटॉपऐवजी कीबोर्ड लावून प्रोच घेतला तर दोन्ही कामं होतील ना?

बेरीज करून बघा. ११ इंची प्रो ९९,९००, त्याचा मॅजिक कीबोर्ड २९,९००, पेन्सिल ११,९००. झाले १,४१,७००. मार्च २०२५ मध्ये मॅकबुक एअर १६ जीबी रॅमसह ९९,९०० ला आला. साध्या आयपॅडसह तो घेतला तर १,३४,८०० होतात. हातात लॅपटॉपही आला, टॅबही आला, आणि जवळजवळ सात हजार वाचले.

आयपॅड ज्या प्रणालीवर चालतो तिच्या सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीत, आयपॅडओएस २६ मध्ये, खिडक्या मोकळेपणाने लहान-मोठ्या करता येतात, वर मेन्यूपट्टी येते, त्यामुळे आयपॅडवर काम करणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. पण ही सोय साध्या आयपॅडवरही आली. आणि टॅली, ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती, कॉलेजची प्रोग्रॅमिंगची कामं यांना लॅपटॉपच लागतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामुलींनी आधी लॅपटॉप घ्यावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे टॅब टिकतात का?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कोणत्याही लेखात सापडणार नाही आणि आपल्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे. आयपॅड ० ते ३५ अंशांत वापरायचा आणि ४५ अंशांच्या आत ठेवायचा, असं ॲपलच सांगतं. भुसावळ-जळगावचा मे महिना सावलीतच ४५ च्या आसपास जातो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी आपण कंपनीने घातलेल्या मर्यादेच्या बाहेरच असतो.

होतं काय, ते सांगते. आधी पडदा मंद होतो, तुम्ही उजेड कितीही वाढवला तरी. मग चार्जिंग हळू होतं किंवा थांबतं. शेवटी पडद्यावर तापमानाची सूचना येते आणि टॅब थंड होईपर्यंत काहीच चालत नाही. लाखाचा टॅब असो की तीस हजारांचा, यातून कोणाची सुटका नाही. बंद गाडीत, पत्र्याच्या खोलीत, स्कूटीच्या डिकीत टॅब ठेवू नका. तिथे ४५ अंश सहज ओलांडले जातात आणि बॅटरीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. दुपारी चार्जिंगला लावून त्यावरच व्हिडिओ बघायचा नाही, चार्जिंग पहाटे किंवा रात्री करायचं. तापला म्हणून फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत ओल धरते. कव्हर काढून पंख्याखाली ठेवा, एवढं पुरतं.

उन्हात वाचण्यापुरता मात्र महागड्या पडद्याचा फायदा आहे. साध्या आयपॅडचा पडदा ५०० निट्सचा (निट्स हे उजेडाचं माप), प्रोचा १,००० निट्सचा. बांधावर उभं राहून नकाशा बघायचा असेल तर फरक दिसतो. फक्त पडदा तापून मंद व्हायच्या आत बघून घ्यायचं.

शेतीच्या कामासाठी टॅब हवा आहे. कोणता?

ई-पीक पाहणी, बाजारभाव, हवामान, ठिबकचं वेळापत्रक, हे सगळं मोबाइलवर होतं, त्यासाठी टॅबची गरज नाही. हिशेब आणि नकाशे मोठ्या पडद्यावर हवेच असतील तर सिम असलेला मध्यम किमतीचा अँड्रॉइड टॅब घ्या.

आयपॅड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. शेताच्या कोपऱ्यावर उभं राहून जागा दाखवायची तर सेल्युलर मॉडेल लागतं, आणि ते साध्या आयपॅडमध्ये १५,००० नी, प्रोमध्ये २०,००० नी महाग पडतं. शिवाय आताच्या सेल्युलर आयपॅडमध्ये सिमकार्डची जागाच नाही, ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय टॅबमध्येच सुरू होणारं सिम, घ्यावं लागतं.

नो कॉस्ट ईएमआयवर घेतला तर काय हरकत आहे?

'नो कॉस्ट' शब्दावर विसंबू नका. व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि मग बँक हप्त्यात व्याज घेते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्ही भरता. वर प्रोसेसिंग फी. आणि रोख घेताना जी सूट मिळाली असती ती बऱ्याचदा जाते. रक्कम फार मोठी नसते, पण फुकट नसते.

माझी खरी हरकत वेगळी आहे. ९९,९०० चे बारा हप्ते केले की महिन्याला ८,३२५ येतात, आणि आकडा लहान दिसला की माणूस आपल्या ऐपतीच्या एक पायरी वरचा टॅब उचलतो. हप्ता घ्यायचाच असेल तर आधी रोखीच्या हिशेबाने कोणता टॅब घेतला असता ते ठरवा, मग त्याच टॅबला हप्ते करा. पावसावर अवलंबून असलेल्या घरात तर हंगामाच्या आधी हप्ता सुरू करूच नका.

आमचे आप्पा म्हणतात, त्या पैशांत सोनं आलं असतं. काय सांगू त्यांना?

आप्पांचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. २०११ च्या सुरुवातीला तोळा वीस हजारांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखाच्या वर गेला. २०११ च्या आयपॅडला आज कोणी भंगारातही विचारत नाही. टॅबची किंमत पेटी फोडली की उतरायला लागते. म्हणून तो कमाईतून वसूल व्हायला हवा किंवा इतका माफक असावा की उतरला तरी चटका बसू नये. आप्पांना सांगा, तीस-पस्तीसचा घेतो आणि बाकीचं तुमच्या म्हणण्याप्रमाणे करतो. बहुतेक ऐकतील.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं?

मुहूर्त म्हणून घ्यायचा असेल तर आखाजीला जरूर घ्या, पण भाव बघायचा असेल तर नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचे सेल आणि प्रजासत्ताक दिनाच्या आसपासचे सेल जास्त फायद्याचे असतात. अँड्रॉइड टॅब बाजारात येऊन काही महिने झाले की चांगले उतरतात. आयपॅड कमी उतरतात. नवा प्रकार आला की मागच्या वर्षीचा घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. टॅबमध्ये एका वर्षात असं काही बदलत नाही की तुमचं काम अडावं.

फार लांबचं थांबणं मात्र सध्या सुचवत नाही. मेमरी आणि डॉलर दोन्ही वर असताना 'पुढच्या वर्षी स्वस्त होईल' हा भरवसा धरता येत नाही. गरज असेल तर येत्या सेलला घेऊन टाका.

महागडा टॅब जास्त वर्षं चालतो, म्हणून शेवटी स्वस्तच पडतो ना?

दुकानदाराचं हे ठेवणीतलं वाक्य आहे. आयपॅडपुरतं तपासून बघू. २०२५ चं आयपॅडओएस २६ हे २०१८ च्या ७१,९०० च्या प्रोवर चालतं आणि २०२० च्या २९,९०० च्या साध्या आयपॅडवरही चालतं. प्रो जास्त वर्षं चालला हे खरं, पण अडीचपट किमतीला अडीचपट वर्षं मिळाली नाहीत. पाच वर्षांचा हिशेब धरला तर ३४,९०० चा टॅब महिन्याला साधारण ५८० रुपयांना पडतो, ९९,९०० चा १,६६५ ला.

अँड्रॉइडमध्ये मात्र अपडेटची वर्षं कंपनीगणिक फार वेगळी आहेत. सॅमसंग वरच्या टॅबना लांबचं आश्वासन देतं, स्वस्त कंपन्या दोन-तीन वर्षांत हात झटकतात. घेण्याआधी हे विचाराच.

व्यवसायाच्या नावावर घेतला तर फायदा होतो का?

जीएसटी नोंदणी असेल आणि टॅब खरंच व्यवसायासाठी असेल तर त्यावरचा कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो. ९९,९०० मधले सुमारे १५,२०० रुपये कराचे असतात, म्हणजे रक्कम लहान नाही. बिलावर फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक खरेदीच्या वेळीच घाला, नंतर दुकानदार बदलून देत नाही. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हे क्रेडिट मिळत नाही.

बिघडला तर खान्देशात दुरुस्ती होते का?

ॲपलची स्वतःची दुकानं आपल्यापासून लांब आहेत. मुंबईत बीकेसीचं एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्कचं सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. नंदुरबारकर अशा कामाला बहुधा सुरत गाठतात. तुमच्या जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते कंपनीच्या संकेतस्थळावर आधी बघा आणि मगच टॅब ठरवा. तिथवर जाण्या-येण्याचा दिवस आणि भाडंही किमतीतच धरा.

पडदा फुटला तर अनधिकृत दुकानात नकली पडदा बसवणं परवडल्यासारखं वाटतं. माझ्या एका विद्यार्थ्याने तसा बसवून घेतला. बोटाने सगळं ठीक चालायचं, पण पेन्सिलने सरळ रेघ ओढली की ती सापासारखी वळवळायची. आयपॅडला परका पडदा बसवला की हे बरेचदा होतं. तो चित्रांसाठीच टॅब वापरायचा, त्यामुळे सगळे पैसे वाया गेले. आयपॅड आतून चिकटवलेला असल्याने कंपनीही बहुतेकदा दुरुस्त करण्याऐवजी बदलून देते आणि त्याचा खर्च मोठा असतो. मजबूत कव्हर पहिल्याच दिवशी घ्या.

दोन मुलांत एक टॅब चालेल का?

अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबमध्ये दोघांची वेगळी खाती करता येतात. घरच्या आयपॅडमध्ये ती सोय नाही, कितीही महाग घ्या.

मराठीत हाताने लिहिलेलं टाइप होऊन मिळतं का?

अँड्रॉइडवर गुगलच्या जीबोर्डमध्ये मराठी हस्ताक्षराचा कीबोर्ड आहे, तो चांगला चालतो. शिक्षक आणि वकील मंडळींनी वापरून बघावा. त्यासाठी महागडा टॅब लागत नाही.

जुना प्रो चाळीस-पन्नास हजारांत मिळतोय. घेऊ?

दोन-तीन वर्षांचा, बिलासह, ओळखीच्या माणसाकडचा असेल तर हा नव्या मधल्या टॅबपेक्षाही चांगला सौदा ठरू शकतो. पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी समोर करून घ्या. विकणाऱ्याने आपलं ॲपल खातं तुमच्यासमोर काढून टॅब पूर्ण पुसावा, आणि तो नव्यासारखा सुरू करून वाय-फायला जोडून बघावा. सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला किंवा 'हा टॅब अमुक संस्थेच्या ताब्यात आहे' असं आलं, तर तिथूनच परत फिरा; बंद पडलेल्या क्लासचे आणि कंपन्यांचे असे लॉक असलेले टॅब बाजारात बरेच फिरतात आणि ते आपल्याला उघडता येत नाहीत. पडद्यावर पांढरं पान उघडून डाग बघा. सोबत पेन्सिल नेऊन चारही कोपऱ्यांत तिरक्या रेघा ओढा, परका पडदा लगेच कळतो. बॅटरी किती शाबूत आहे याची टक्केवारी २०२४ पासूनच्या एअर आणि प्रोमध्ये सेटिंगमध्ये दिसते. त्याआधीच्यांत नाही, म्हणून तिथेच अर्धा तास व्हिडिओ लावून चार्ज किती उतरतो ते बघा. आणि मूळ बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.